पा सायुतचा आभाळकोंबडा

लुंग थाविनच्या मते त्याच्या बायकोला बिघडवलं ते मिठागरांनी. तोवर पा सायुत फेच्चबुरीच्या बाजारात ताडगुळाची मिठाई विकणारी आणि घासाघीस करणाऱ्याला जिभेनं सोलून काढणारी, चारचौघींसारखी बाई होती. थाविन ट्रकमधून मीठ वाहायचा. एक दिवस ती त्याचा डबा घेऊन मिठागरावर गेली, तर काही परदेशी माणसं चिखलात दुर्बिणी रोवून उभी. हिनं त्यातल्या एकाला सरळ कोपरानं बाजूला सारलं आणि काचेला डोळा लावला. चमच्यासारख्या चोचीचं एक चिमणीएवढं पाखरू चिखल ढवळत होतं.

"अगं बाई! हा इथंच राहतो?" ती ओरडली. "जन्मभराचा शेजारी, आणि मी याची कधी विचारपूस केली नाही!"

झालं. वर्षभरात तिच्या गळ्यात कुणाचा तरी जुना कॅमेरा आला, मग हातभर लांब लेन्स आली, आणि म्हातारपणी दारात बसून कोंबड्या बघायच्या हा थाविनचा बेत कायमचा बारगळला. सगळा बाजार त्यांना लुंग आणि पा, म्हणजे काका आणि काकू म्हणायचा. ती दोघंही एकमेकांना तशीच हाक मारू लागली होती.

तिचं काम तो गाडीतून बघायचा. बघायचा म्हणजे, झोप लागली नाही तर. पण जे बघितलं त्यानं तो मनातून पार हरला होता. भर उन्हात ही बाई चिखलात पोटावर पडून राहायची आणि उठली की म्हशीसारखी दिसायची. इतर लोक अळ्या टाकून पाखराला जवळ बोलवायचे, ते तिला मान्य नव्हतं. "जेवायला बोलावून फोटो काढायचा? ते लग्नात करतात," म्हणायची. एकदा वेड्या राघूच्या बिळाशी फोटोवाल्यांची गर्दी झाली आणि आईबाप चोचीत किडे धरून तारेवर ताटकळत बसले, तेव्हा हिनं बिळापुढे छत्री उघडली आणि छत्रीआड बसून सगळ्यांना शिव्या घातल्या. गर्दी पांगली. तिचा स्वतःचा फोटोही राहिला. त्या दिवशी थाविननं तिला न विचारता तिच्या आवडीचा भात-आंबा आणून दिला.

दर हिवाळ्यात दोघं पिकअप घेऊन उत्तरेला निघायची. नाखोन सवानच्या भातखाचरांत मुग्धबलाकांसाठी थांबायचं, तारांवरच्या नीलपंखांसाठी थांबायचं, आणि कशासाठीच नाही तरी थांबायचं. शेवटचा मुक्काम ब्रह्मदेशाच्या सीमेवरचा दोय लांगचा डोंगर. तिथं काई फा राहतो, म्हणजे आभाळकोंबडा. तांबूस अंग, निळीकाळी चमकती मान आणि आडव्या पट्ट्यांची लांबच लांब शेपूट. पहाटे तो रस्त्याच्या कडेला चरायला येतो. माणूस उतरला की पळतो, गाडीला मात्र फारसा भीत नाही. म्हणून गाडीत बसूनच टिपायचा.

पा सायुतला तो कधीच मिळाला नव्हता. मागच्या हिवाळ्यात मिळता मिळता राहिला, आणि त्याला कारण थाविन. कोंबडा ज्या वळणावर येतो तिथंच घाटाच्या राखणदार देवाचं ठाणं आहे. ठाण्यापुढून जाताना तीनदा हॉर्न वाजवायचा, हा आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हाडात भिनलेला नमस्कार. कोंबडा समोर, बायकोचा डोळा कॅमेऱ्याला, आणि याचा हात आपोआप उठला. पाँ, पाँ, पाँ. कोंबडा दरीत गेला तो गेलाच. परतताना दोघं लांपांगला जेवायला थांबली. तिथं ती म्हणाली, "देव खूश झाला ना? मग आज त्यालाच सांग तुला जेवायला वाढायला."

यंदा गोष्ट वेगळी होती. पावसाळ्यापासून तिच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. चमच्यातलं सार ताटाबाहेर सांडायचं. डॉक्टरनं सांगितलं, कमी होणार नाही, वाढेल. तिनं बाजारात कुणाला कळू दिलं नाही, फक्त निघताना लेन्स पुसत म्हणाली, "ही शेवटची खेप, लुंग. पुढे ही मिरच्या कुटायला काढू." ती हसली. थाविनला काही हसू आलं नाही.

डोंगराखालच्या गावात उतरल्यावर तिनं विषय काढला. "उद्या हॉर्न नाही."

"पा, तू काहीही सांग, पण हे नको." त्याचा आवाज पडला. मिठाचा भरलेला ट्रक एकदा असाच घाटात ब्रेक निकामी होऊन धावला होता. वरच्या ठाण्याला हॉर्न दिला होता म्हणून आपण वाचलो, ही त्याची पक्की खात्री. "न वाजवता उताराला गाडी घालू? तू शेजारी बसलेली असताना?"

"बरं. मग वाजव," ती म्हणाली आणि पाठ फिरवून कॅमेऱ्याची पेटी लावायला लागली. तिनं भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारी ती जरा पडली तेव्हा तो गाडी घेऊन वर गेला. झेंडूची माळ, उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली ठाण्यापुढे मांडली, गुडघे टेकले आणि मोठ्यानं बोलायला लागला, कारण घाटातल्या देवांना वाऱ्यामुळे ऐकू कमी येतं असं त्याचं मत होतं.

"चाओफो, देवबापा, उद्या पहाटे मी गप्प जाणार आहे. उद्धटपणा समजू नका. माझ्या बायकोचं एका कोंबड्याशी काम आहे आणि तिच्या हातात आता फार दिवस नाहीत. उद्याचे हॉर्न मी आजच देतो. हे घ्या."

आणि गाडीत बसून त्यानं तीन दिले. मग परतीचेही तीन दिले. मग, कुठं कमी पडायला नको, म्हणून आणखी वाजवत राहिला. वरच्या चौकीवरचा शिपाई धावत आला.

"लुंग, हॉर्न अडकला का?"

"नाही रे बाळा. आगाऊ भरतोय."

संध्याकाळी हे ऐकून पा सायुत हसत सुटली, ती डोळे पुसेपर्यंत. "देवालाही उचल देणारा तूच पहिला!" म्हणाली, आणि आपल्या पानातला तळलेल्या माशाचा मोठा तुकडा त्याच्या भातावर ठेवला.

पहाटे चढ संपून उतार लागला, तिथं वळणाच्या वर त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती उतारावर सोडली. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला. ठाणं आलं तसा तो मनातल्या मनात वाकला आणि पुढे गेला. गाडी आवाज न करता थांबली.

आणि कोंबडा आला, पण उजवीकडे, थाविनच्या बाजूला. लेन्स टेकवायची तांदळाची पिशवी पा सायुतच्या खिडकीवर, डावीकडे. ती हलवायची तर खुडबूड होणार. तिनं लेन्स उचलली, ती हवेत थरथरली. ते बघून थाविनला राहवलं नाही. तो हळूच पुढे वाकला आणि स्टिअरिंगवर ओणवा झाला. ज्या पाठीवर जन्मभर मिठाची पोती चढली त्या पाठीवर तिनं लेन्स ठेवली.

छातीखाली बोटभर अंतरावर हॉर्न होता. दोन्ही हातांनी चाक धरून तो अधांतरी ताटकळला. मान वळवल्यावर त्याला कोंबडा दिसला. इतकी वर्षं गाडी चालवून त्यानं हा पहिल्यांदा नीट पाहिला. पहिलं ऊन कोंबड्याच्या मानेवर पडलं आणि काळा रंग निळा झाला. थाविन सगळं विसरला. पाठीवर कॅमेरा खटखटत राहिला. मग शेपूट गवतात शिरली आणि संपलं.

तो कण्हत सरळ झाला. ती पडद्यावर एकेक फोटो बघत होती. "हा हलला. हाही हलला. हा तर धुकंच."

"तुझा हात गं," तो शक्य तितक्या हळू म्हणाला.

"हात कसला! तुझी पाठ. भात्यासारखा श्वास घेत होतास." ती पुढे बघत गेली आणि एकदम थांबली. तिनं कॅमेरा त्याच्या नाकापुढे धरला. कोंबडा लख्ख होता. पिसन् पीस मोजून घ्यावं असा. निळ्या मानेवर ऊन होतं.

"इथं तू श्वास धरला होतास," ती म्हणाली.

त्याला लाज वाटली. "आधी सांगायचं होतंस. सगळा वेळ धरला असता."

"आणि मेला असतास, मूर्खा. मग पुढच्या वर्षी लेन्स कुणाच्या पाठीवर ठेवू?"

तिनं ते सहज म्हटलं आणि पुन्हा फोटो बघू लागली. थाविननं ते नीट ऐकलं होतं. त्यानं किल्ली फिरवली, पण गाडी लगेच हलवली नाही, कारण त्याला रस्ता स्पष्ट दिसत नव्हता.