ताई आज विमानाने आली

मित्रांनो, आज दुपारी आमचे बाबा गेले.

माझी मोठी बहीण बंगळुरूला पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांपासून, विमानाचं इंधन बनवायच्या कामात आहे. विमानांच्या धुराने हवा तापते म्हणून ती स्वतः कधी विमानात बसायची नाही, दुसऱ्यांनाही बसू नका म्हणायची. दर दिवाळीला रेल्वेनेच आमच्या गावी, अमडापूरला यायची. बाबा गावभर सांगायचे, "आपल्या वावरातल्या पऱ्हाटीवर इमान उडवणार हाये माही पोरगी!"

काल डॉक्टरांनी हात टेकले. मी फोनवर रडलो, "ताई, रेल्वेनं नको येऊ. उशीर होईन."

आज सकाळी ती पोचली. बाबांनी डोळे उघडले. "रेल्वेनं आली काय व?"

"नाही बाबा, इमानानं आली. तुमाले भेटाचं होतं."

त्यांनी तिचा हात धरला. "बरं केलं बाई. पण काम सोडू नको."

त्यानंतर ते बोललेच नाहीत.

संध्याकाळी अग्नी देऊन मी घरी आलो, तेव्हा ताई ओसरीवर बसली होती. म्हणाली, "इमानात माह्या बाजूची बाई लेकीच्या बाळंतपणाले चालली होती रे. अशा माणसाले मी कोणत्या तोंडानं सांगू, बसू नका म्हून?"

मी तिच्या बाजूला जाऊन बसलो. तुम्ही काय म्हणाला असता?