शड्डू ठोकला म्हणून

पोलीस निरीक्षकांनी मला फसवलं. हातात हात देऊन ठरवलेला सौदा त्यांनी अर्ध्यात मोडला आणि माझ्या मुलीसकट सात पोरींना गाडीत कोंबलं. हे मी चारचौघांत सांगत आलो, त्यांच्या तोंडावरही सांगितलं, आता लिहून ठेवतो.

माझा धंदा शेळ्या-मेंढ्यांचा. घर कडेगावात, पण आठवड्यातले निम्मे दिवस म्हसवडपासून रहिमतपूरपर्यंतच्या बाजारांत जातात. लहानपणी दुसऱ्यांची जनावरं बाजारापर्यंत हाकत न्यायचो, आज दारात माझे स्वतःचे टेम्पो उभे असतात. जनावराचा भाव आम्ही ओरडून करत नाही. दोघांनी एका रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा कळवायचा आणि पटलं की हात आवळायचा. हात आवळला की सौदा पक्का. मग जनावर लंगडू दे, नाहीतर दुसरा कुणी जास्त देऊ दे, मागं फिरायचं नाही. जो फिरतो त्याच्या हातावर पुन्हा कुणी रुमाल टाकत नाही.

मुलगी कुस्ती खेळते. पहाटे तालमीत मेहनत, मग रस्त्यावर धावणं, कारण तिला पोलीस भरतीत उतरायचं आहे. पाहुण्यांनी नाकं मुरडली तेव्हा मी त्यांना जेवायला बोलावलं आणि तिला वाढायला न लावता पंगतीत बसवलं. तिनं दोघांचं जेवण एकटीनं संपवलं. तेव्हापासून कुणी काही बोललं नाही.

त्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी व्हायची होती. मुली वाट बघत राहिल्या आणि चाचणी न घेताच निवड समितीनं नावं लावून टाकली. विचारायला गेलेल्या पोरींना फाटकातून आत घेतलं नाही. मुलीचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. सातजणींनी ठरवलं, सांगलीत समितीच्या कार्यालयासमोर जाऊन बसायचं.

मी विरोध केला नाही, पण एक धास्ती होती. आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो निघतो आणि पोरगी लटकते. म्हणून मी आधी ठाण्यात निरीक्षक साहेबांकडं गेलो. सौदा करावा तसं बोलू, असा माझा हिशोब.

साहेब म्हणाले, "जमावबंदी आहे. पाच किंवा जास्त माणसं जमता येणार नाहीत."

"आवं साहेब, मग चौघी फाटकासमोर ऱ्हातील आन् तिघी समोर चहाच्या गाड्यावर. चहा प्यायला तर बंदी न्हाई न्हवं?"

साहेब हसले. हसलेला माणूस थोडा उतरतो, हे मी बाजारात शिकलो आहे. मग खरा सौदा सुरू झाला. फलक नको म्हणाले, मी सोडला. भोंगा नको म्हणाले, तोही सोडला. घोषणांवर मी जरा ताणून धरलं, मग त्याही सोडल्या. बदल्यात अर्धा तास मिळवला, सातहीजणींनी एकत्र, फाटकाच्या कडेला, तोंड बंद ठेवून उभं राहायचं. मी हात पुढे केला. साहेबांनी धरला आणि चांगला आवळला. माझ्या लेखी विषय तिथं संपला.

बाहेर येऊन मी पोरींना सांगितलं. मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अब्बा, तुमी आमचं तोंड इकून आलासा."

"अर्धा तास मिळवलाय तुमच्यासाठनी."

"मुक्यानं हुबं ऱ्हायला? ते तर तालमीच्या खांबालाबी जमतंय."

तरी त्या गप्प उभ्या राहिल्या. लोक येता-जाता थांबत, विचारत, पोरी नुसत्या बघत. मी गाड्यावर चहा घेत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांची गाडी आली. काच खाली करून ते म्हणाले, "घरी जा गं पोरींनो, उन्हानं काळ्या पडाल."

माझी मुलगी वाकली. तिनं रस्त्याकडेची माती उचलून दोन्ही तळव्यांना चोळली, आखाड्यात उतरताना चोळतात तशी, आणि मांडीवर खणखणीत शड्डू ठोकला. मग दुसरीनं, तिसरीनं, सातहीजणींनी. एक शब्द नाही. नुसती थाप. आतल्या खिडक्या उघडल्या, रिक्षावाले थांबले. मी आयुष्यात कितीतरी मैदानं बघितली, पण तसा शड्डू ऐकला नाही.

बंदोबस्ताला निरीक्षक साहेब स्वतः उभे होते. अध्यक्ष उतरून त्यांच्या कानाशी लागले. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "उचला."

महिला पोलिसांनी पोरींना ओढत गाडीकडं नेलं. त्यातली एक माझ्या मुलीला हळूच म्हणाली, "हात सैल सोड गं, खांदा निखळंल." माझं डोकं फिरलं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ज्या घोषणा सोडून दिल्या होत्या त्या सगळ्या एकट्यानं दिल्या. सौदा समोरच्यानं मोडला होता, मला आता बंधन नव्हतं. गंमत म्हणजे मला कुणी हात लावला नाही.

ठाण्यात साहेबांनी खुर्चीत बसून कायदा सांगितला. "शड्डू म्हणजे आव्हान, आणि आव्हान ही घोषणाच झाली."

मी म्हणालो, "साहेब, ठरलं हुतं त्वांडाचं. मांडीचं काय ठरलं नव्हतं."

दारातला हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

साहेबांनी मग लिहून आणलेलं हमीपत्र पुढं टाकलं. वर्षभर कुठल्याही आंदोलनात भाग घेणार नाही, अशी सही करा, गुन्हा दाखल करत नाही. नाहीतर भरती विसरा. दोन पोरींचे वडील आले होते, ते पेन शोधू लागले. खरं सांगायचं तर मीही मनात तोलत होतो. सही केली की पोरगी सुटते, वर्ष काय, निघून जातं.

मुलगी बाकावर बसल्या जागेवरून बोलली. "साहेब, मी पोलिसातच येणार हाय. उद्या तुमच्या खुर्चीत बसले तर ह्योच कागद दुसऱ्याच्या पोरीपुढं ढकलू का?"

साहेब म्हणाले, "आधी भरती तर हो."

"व्हते की. तुमी बसा, आमीबी बसतो."

आणि त्या बसल्या. एकीनंही सही केली नाही, पेन शोधणाऱ्या वडिलांच्या पोरींनीसुद्धा नाही. मी बाहेरून वडापाव आणले, पोरींनी महिला पोलिसांनाही दिले. खांद्याचं सांगणारी म्हणाली, ती लग्नाआधी कुस्ती खेळायची. मग तिचं आणि पोरींचं डावांवर असं काही बोलणं रंगलं की ठाण्याची तालीम झाली. दिवेलागणीला साहेब आत आले आणि म्हणाले, "जावा घरी."

त्या शड्डूचं चित्रीकरण रिक्षावाल्यांनी केलं होतं. ते भराभर पसरलं आणि समितीला चाचणी घ्यावी लागली. मुलीनं चाचणी मारली, राज्य स्पर्धेला जाऊन पदकाविना, पण हसत परत आली. आता भरतीची मैदानी परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. सकाळी ती तालमीतून येते, तांब्याभर दूध एका दमात पिते, मी टेम्पो काढतो. माझं बरं चाललं आहे. तक्रार करण्यासारखं घरात काही नाही.

पण एक सोडत नाही. पडताळणीचं भय होतं म्हणून मी चौकशी केली, तर तिच्या नावावर काहीच नाही. गुन्हा नाही, साधी नोंदही नाही. भरतीपुरतं चांगलंच झालं. मात्र मग घरी येऊन विचार करू लागलो. साहेबांची बदली झाली आहे, तिथंही जाऊन आलो. त्यांनी चहा मागवला, मुलीची विचारपूस केली. मी चहा घेतला आणि विचारलं. ते म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या की."

जाऊ देणार नाही. पोरींनी गुन्हा केला नव्हता, कागदावर अटक नव्हती, तर भर दुपारी रस्त्यावरून ओढत नेऊन अंधार पडेपर्यंत त्यांना बाकावर कुठल्या कलमाखाली बसवून ठेवलं होतं? साहेब, ते कलम मला सांगा. नसेल, तर तसं लिहून द्या.