टुब्याची वाटी

ओठांनी विचार करणारा माणूस मी अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की माझी थोरली बहीण नेमकी त्यालाच दिली. आमचे दाजी मानवतला असतात. दिवसा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी, आणि लग्नसराई-जयंतीला बँडमध्ये टुबा. टुबा म्हणजे बँडमधला सगळ्यात थोराड पितळी भोंगा. तो पोटाशी धरला की दाजींची फक्त टोपी दिसते. त्या भोंग्याच्या टोकाला फुंकायची एक लहानशी वाटी खोचलेली असते. बँडवाले तिला माऊथपीस म्हणतात, दाजी वाटी म्हणतात, आणि माझी आक्का तिला सवत म्हणते. लोकांना वाटतं टुबा वाजतो. दाजींना हे ऐकवत नाही. "टुबा कसला वाजतोय? टुबा नुसता बोंबलतो. वाजती ती वाटी," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, आणि येणारा-जाणारा पुढच्या वेळी दुसऱ्या गल्लीतून जातो.

दाजींकडे अशा सात वाट्या आहेत. आक्काच्या जुन्या लुगड्याचे तुकडे अंथरलेल्या जेवणाच्या डब्यात त्या झोपलेल्या असतात. कुठल्या टुब्याला कुठली लागते यावर दाजींचा अभ्यास एवढा, की तेवढ्यात दुसरा कुणी वकील झाला असता. लहान टुब्याला उथळ वाटी, मोठ्याला खोल. काठ पातळ असला तर सूर टोकदार, जाड असला तर ओठ दमत नाहीत. पण मापाड्याला हे नुसतं सांगून भागतं का? त्याला माप पाहिजे! म्हणून दाजी प्रत्येक वाटी तिळांनी भरून बघतात. आधी ज्वारीनं बघितलं, पण ज्वारीच्या दाण्यांत फट राहते म्हणे. मग खसखस आली, ती आक्कानं हिसकावून घेतली. शेवटी तीळ ठरले. मीठ वाढायच्या चिमुकल्या चमच्यानं दाजी ते वाटीत सोडतात आणि मोंढ्यातल्या रिवाजाप्रमाणे मोजतात. मोंढ्यात पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. "लाभ, दोन, तीन, साडेतीन..." असं पुटपुटत माणूस ओसरीवर पालथा पडलेला बघून त्यांच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाव्हण्यांनी हळूच विचारलं होतं, "बरं न्हाई का यांना?"

बरं, वाजवायला टुबा जवळ नसला तरी यांचं चालूच. वाटी ओठांना लावून नुसतं फुर्र करत राहायचं, त्याला ते रियाज म्हणतात. एकदा मानवतहून परभणीला आम्ही दोघं एसटीनं निघालो होतो. खिडकीकडे तोंड करून दाजींनी रियाज सुरू केला. थोड्या वेळानं कंडक्टर कान टवकारून पुढं गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "कसला तरी आवाज यायलाय." गाडी बाजूला लागली. ड्रायव्हर उतरला, चाकांना लाथा मारल्या, खाली वाकून बघितलं. आवाज बंद! कारण दाजीही कुतूहलानं उतरून त्याच्या शेजारी वाकले होते. गाडी निघाली, आवाज परत सुरू. दोनदा असं झाल्यावर मी दाजींचा हात धरून ती वाटी खिशात घातली. एवढं करून दाजी मलाच म्हणतात, "पाव्हणं, गाडीचा सूर बरा हाय, पण वाटी बदलाय पाहिजे."

माणसाची ओळखही ते ओठांवरूनच करून घेतात. मी परभणीत शाळामास्तर, पंचवीस वर्षं पोरांपुढं बोलतोय, पण दाजींनी पहिल्याच भेटीत माझा निकाल लावून टाकला होता. "व्हट लय पातळ. तुमच्याच्यानं पितळ वाजणार न्हाई. तुमी आपली शिट्टी वाजवा." तेव्हापासून शाळेच्या मैदानावर शिट्टी तोंडात धरली की मला अजून अपमान झाल्यासारखं वाटतं.

अशा माणसाच्या वरच्या ओळीतले पुढचे दोन दात यंदा संक्रांतीत गेले. दोष सर्वस्वी त्यांचा. पासष्टीच्या माणसानं दातांनी ऊस सोलून दाखवायची पैज लावू नये, पण लावली. ऊस तसाच राहिला, दात आले. लोक हसले, दाजीही हसले. मग त्यांनी घरात जाऊन वाटी ओठांना लावली आणि त्यांचं हसू गेलं. वाटी आत दबायला लागली, सूर फाटायला लागला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दाजी टुबा घेऊन चालले नाहीत असं एक वर्ष मला आठवत नाही. बाकी लग्नं-वराती पोटासाठी, ही एक स्वतःसाठी, असा त्यांचा हिशेब. आता ती चुकणार की काय या धास्तीनं माणूस पार उतरला.

मी त्यांना परभणीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बिचारे नवे होते. त्यांनी सहज विचारलं, "काका, दात कसे पाहिजेत?" दाजींनी डबा उघडला, त्यातली सगळ्यात आवडती वाटी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिला लागू पडतील असे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचा 'ब्रश कसा धरावा' हा तक्ता वाचत होतो. "अहो पण जेवणाचं काय?" डॉक्टर म्हणाले. "जेवणाचं काय एवढं? भाकर कालवून खाता येती. टुबा कालवून वाजवता येतो का?" चार फेऱ्या झाल्या. हरेक फेरीला दाजी खुर्चीत बसून फुंकून बघायचे आणि बाहेर नंबर लावून बसलेली माणसं कमी व्हायची. शेवटी दात बसले, काढता-घालता येणारे. वाटीला इतके चपखल, की डॉक्टरांनीच टाळी वाजवली. जगात लोक दाताला सोसेल तसा घास शोधतात, आमच्या दाजींनी घासाच्या मापाचे दात करून आणले!

आणि मानवतला पोचलो तर काय? बँडमालकानं जुना, गळका टुबा मोडीत काढून हैदराबादहून दुसरा आणलेला. सेकंडहँड, पण केवढा! त्याची वाटी मात्र वाटेत कुठं तरी हरवलेली. दाजींनी आपली लाडकी वाटी खोचली, ती नळीत सुळकन आत गेली आणि खुळखुळायला लागली. नव्या नळीचं तोंड मोठं, दाजींच्या सगळ्या वाट्यांच्या दांड्या बारीक. दोरा गुंडाळून झाला, एसटीची तिकिटं गुंडाळून झाली, लेथवाल्याकडून कडं करून झालं. वारा कुठून तरी निसटायचाच. मिरवणुकीला आठ दिवस राहिले तेव्हा मालक म्हणाला, "दाजी, राग मानू नका. न्हाई जमलं तर टुब्याचा बास कीबोर्डवर घेतो. बटणात समदं हाय आता. तुमी पुढं झेंड्यापाशी चाला, मानानं." मालक वाईट माणूस नाही, सरळ मनानं बोलला. पण त्या 'मानानं'चा घाव दाजींना कसा लागला ते मी बघितलं. त्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीत बसले आणि परभणीपर्यंत फुर्र म्हणून केलं नाही. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

रविवारी मी मुद्दाम मानवतला गेलो. दाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले, वाट्यांचा डबा बंद. आत आक्का डब्यातलं गोडं तेल बाटलीत ओतत होती. दाजींकडे बघत बघत तिनं ओतणं थांबवलं. बाटलीच्या तोंडातलं नरसाळं उपसलं, राखेनं खसाखसा घासलं, पदराला पुसलं आणि दाजींच्या पुढ्यात ठेवलं.

"ही बघा बरं."

ती वाटी होती! जाड काठाची, खोल, अंगठ्याएवढ्या दांडीची. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दाजींनीच हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. तेव्हाच्या टुब्याला ती लागली नाही म्हणून "हत्तीच्या तोंडची हाय" असं म्हणत उकिरड्यावर भिरकावलेली.

"तुमी फेकली, मी उचलली," आक्का म्हणाली. "तुमच्या हातची पहिली आणलेली चीज. टाकवली न्हाई. तेल वताया कामाला आली."

रोज त्या बाटलीतल्या तेलाची भाजी खाणारा माणूस, जिल्हाभर वाट्या धुंडाळणारा, आणि ही तीस-पस्तीस वर्षं चुलीशेजारी उभी! दाजी तसेच अनवाणी बँडच्या खोलीकडे सुटले. मी मागं पळालो. दांडी नळीत गेली आणि गच्च बसली. पण नव्या दातांवर ती टेकेना; ते दात दुसऱ्या वाटीच्या मापाचे. दाजींनी दात काढून खिशात घातले. रुंद काठ पुढच्या खिंडीला वळसा घालून दोन्ही बाजूंच्या अस्सल दातांवर टेकला. दाजींनी श्वास घेतला. खोलीचे पत्रे थरथरले, मालक हातातला चहा सांडत बाहेर आला. कीबोर्डचं नाव परत कुणी काढलं नाही.

मिरवणुकीत मी बाजूनं चाललो होतो. गाणी पोरं म्हणत होती, ढोल-ताशे वाजत होते, पण सगळ्यांच्या खाली जमिनीतून आल्यासारखा तो एक सूर होता. पांढरी साडी नेसलेली आक्का बायांच्या रांगेत चालत होती. तिच्या पदराच्या गाठीत दाजींचे दात बांधलेले. चौकात पाणी प्यायला थांबले तेव्हा दाजी मला म्हणाले, "वाटीला अजून तेलाचा वास यायलाय." तक्रार मुळीच नव्हती त्यात.

टुब्यासाठी केलेल्या दातांनी आता दाजी भाकरी खातात, झकास चावते म्हणे. आक्कानं प्लास्टिकचं नरसाळं आणलं. दुकानात दाजींनी ते आधी फुंकून बघितलं, दुकानदार अजून बोलत नाही. हल्ली मिरवणुकीनंतर त्यांना धाप लागते, बसताना गुडघे धरून बसतात. अशी किती वर्षं अजून, हे मी मनात आणतो आणि लगेच झटकून टाकतो. परवा ओसरीवर ते डबा उघडून बसलेले दिसले. सात वाट्यांत आता ही आठवी, मधोमध. तिळाची पुडी शेजारी होती, पण चमचा कोरडा.

मी विचारलं, "दाजी, हिच्यात किती तीळ मावतात?"

दाजींनी आत भाकरी थापणाऱ्या आक्काकडे बघितलं आणि आवाज लहान करून म्हणाले, "हिला मापलं न्हाई. लाभ म्हणायचं आन् थांबायचं."