स्वच्छ चित्राचा संशय

स्वप्नालीचा स्वभावच मेला संशयी. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली, तरी ही बया जुडी सोडून आतली सडकी पानं शोधणार! पण सांगलीच्या इस्पितळात तिचं काम होतं हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनचं, आणि तिथं हाच स्वभाव कामी येई. आरामातलं आणि औषधानं ताण दिलेलं अशी दोन चित्रं एका रेषेत बसवायची, हृदयाच्या कडा आखायच्या, चित्रात शेजारचं आतडंही चमकत असेल तर ते वगळायचं. मग कॉम्प्युटर आकडे काढी. त्या कॉम्प्युटरवर तिचा कवडीचा विश्वास नव्हता.

कराडजवळचे लालासाहेब, माजी सैनिक. शेताचा बांध चढताना त्यांची छाती भरून येई. त्यांचे आकडे मात्र अगदी स्वच्छ आले. स्वप्नालीनं कडा पुसून पुन्हा आखल्या. तेच! मग ताणाच्या वेळची ईसीजीची पट्टी काढली, तर औषध जाऊनही नाडी जागची हललेली नाही. नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

"काका, सकाळी चहा घेतलात?"

"छ्या! उपाशी हाय."

"उपाशीच हाईत की," त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी साक्ष दिली. "च्या तेवढा घेतला दोनदा. उपासाला चालतोय न्हवं?"

आता बोला! चहानं औषधाचा जोरच मारला होता. दुखणं असलं तरी चित्रात उमटणार नव्हतं. तपासणी पुन्हा करावी लागेल म्हटल्यावर लालासाहेबांचे डोळे बारीक झाले.

"चांगलं आलं म्हनून पोटात दुखतंय व्हय तुमच्या? आमाला कापायचंच ठरवलंय जनू!"

डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कुठं ते पुढच्या आठवड्यात आले, बिनचहाचे आणि धुसफुसत.

या खेपेला ताणाच्या चित्रात हृदयाची पुढची भिंत फिकट पडली होती, म्हणजे तिथं रक्त कमी पोचत होतं. म्हातारा हलला असेल? नाही. आपलीच रेषा तिरकी बसली? तिनं पुन्हा आखली, परत आखली. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या. आज स्वतःची एक तरी सापडू दे रे देवा, असं तिला झालं. सापडली नाही. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"झालं का समाधान?" लालासाहेब दारातून म्हणाले. "सोडा आता. ऊसतोडीची टोळी आलीया."

"काका, ऊस पोरं तोडतील," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, तुम्ही आज घरी जायचं नाही."