काडी खोचलेलं बटण

"मॅडम, नाव सांगा. कोण बोललं ते कळल्याशिवाय मी मशीन थांबवणार नाही," प्लँट मॅनेजर म्हणाले.

भिंतीपलीकडे पत्रा दाबून कापणारा प्रेस धाडधाड चालू होता.

मी इंडस्ट्रियल सायकॉलॉजिस्ट. कामाच्या जागी माणसं अशी का वागतात, हे शोधणं माझं काम. शिरवळच्या एका फॅक्टरीत माझा अभ्यास चालू होता. वरिष्ठांनी चुकीचं काम सांगितलं, तर माणूस ऐकतो, नकार देतो, की वर कळवतो? फॉर्मवर सगळेच शूर. 'लगेच कळवू' यावर जवळपास प्रत्येकाची टिक!

मग मुलाखती सुरू झाल्या. कोरेगावची सुनीता दार लावून हळूच म्हणाली, "म्याडम, माज्या शेजारच्या प्रेसवर नवी पोरगी हाय. तिच्या मशीनचं एक बटन काडी खोचून दाबून ठिवलंय. आत्ता बी चालू हाय."

या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच तो खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. एक बटण कायमचं दाबून ठेवलं की काम भराभर होतं, पण मोकळा राहिलेला हात कधीतरी आत जातो.

"तक्रारपेटीत चिठ्ठी का नाही टाकलीस?"

"आवं, पेटीची किल्ली सुभेदारसाहेबांकडं. काडी त्यांनीच खोचायला लावली."

सुभेदार जगदाळे म्हणजे फौजेतून रिटायर होऊन आलेले सुपरवायझर. फौजी माणूस, सगळ्यात विश्वासू, म्हणून किल्ली त्यांच्याकडे. पेटी कायम रिकामी आणि मॅनेजमेंट खूश.

मी तडक मॅनेजरकडे गेले होते. सुनीताला मात्र नाव फुटणार नाही असा शब्द दिला होता.

"नाव नसेल तर तुमचा अभ्यास आजच बंद," ते म्हणाले.

खरं सांगते, नाव जिभेवर आलं होतं. त्या पोरीच्या हाताची भीती होतीच, पण साहेब विचारतायत, हेही होतं.

"सुभेदारांना बोलवा," मी कसंबसं म्हणाले.

ते आले, ताठ उभे राहिले.

"काडी तुम्ही खोचायला लावली?"

"व्हय. कायबी करून टारगेट गाठा, आसा साहेबांचा हुकूम हुता."

मॅनेजर टेबलावरच्या पेनची उगाच उघडझाप करू लागले.

"सुभेदारसाहेब, ते मशीन आत्ता बंद कराल?"

"जगदाळे, थांबा," मॅनेजर म्हणाले.

सुभेदार थांबले. पलीकडे ठोके चालूच.

"साहेब, पोरीचा हात हाय त्यो," ते म्हणाले आणि वळून निघून गेले. जरा वेळाने भिंतीपलीकडे शांतता झाली.

काडी निघाली. माझा अभ्यास त्याच दिवशी बंद झाला आणि सुभेदारांना सुपरवायझरचं काम काढून गेटवर पहाऱ्याला बसवलं. सुनीता अजून तिथेच नोकरीला आहे.

सुभेदारांना मी मुलाखतीला घेतलंच नव्हतं. फौजी माणूस, हुकूम मोडणार नाही, असं मी धरूनच चालले होते. त्यांना आजवर सगळ्यांनी फक्त सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं.