मामांचे भोंगे

पेडण्यात रेल्वे आली ती माझ्या बायकोच्या मामांच्या डोक्यात शिरायला. प्रवासी वगैरे नुसतं निमित्त. एरवी माणसं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुके बांगडे आणतात, हे गृहस्थ भंगारवाल्याकडून इंजिनाचे जुने भोंगे आणत. मग परसातल्या खोपीत बसून रॉकेलने गंज काढ, चिंचेने पितळ घास, आतली फाटकी चकती बदल! पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसरही त्यांनी पैदा केला होता. शेजारी राहण्याचं पाप माझं, म्हणून प्रत्येक नवा भोंगा मला दाखवायचाच. "हात लावू नको, सूर बिघडता!" म्हणायचे. सूर म्हणे! रेड्याला दाढदुखी झाली तर तो असा ओरडेल.

एका चतुर्थीला तर आरतीत शंखाऐवजी यांनी भोंगा वाजवला. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीतला नारळ सुटून थेट भटजींच्या मांडीवर! भटजी आरती विसरले, मामा म्हणाले, "मालगाडीचो असा, जड वाजताच." घरातही ते मामींशी असे ओरडून बोलत की आम्ही म्हणायचो, भोंग्यांनी यांचे कान गेले. मामी कधी कुरकुरल्या नाहीत. त्यांनाही आम्ही वेड्यातच जमा धरलं होतं.

रोज सकाळी सात वाजता खोपीतून एक भोंगा वाजायचाच. अख्खा वाडा दचकायचा, माझा चहा बशीबाहेर जायचा. शेवटी मीच पुढाकार घेतला आणि देवळात कौल लावला. "भोंगे बंद करूचे काय?" असं देवाला मीच मोठ्याने विचारलं. मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी पडली की देवाचा होकार. उजवीच पडली. मामा तिथेच हात जोडून उभे होते. "देवान सांगला, झाला," एवढंच म्हणाले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

भोंगा बंद झाल्यावर चौथ्या सकाळी पावासाठी पिशवी घेऊन मी बाहेर आलो. मामी फाटकात पाठमोऱ्या उभ्या. पाववाला पोदेर सायकलवरून आला आणि त्यांच्या अगदी मागे येऊन भोंपू दाबू लागला. पों पों, पों पों. मामी हलल्या नाहीत. मामा धावत आले नि त्यांनी खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे वळल्या.

"भोंपू खंय गेलो रे तुझो?" त्या पोदेरावर करवादल्या. "चार दिस ऐकाक येना! आधी कसो खणखणीत वाजवी होतस!"

सात वाजता पोदेर वळणावर येतो, आणि मामांचा भोंगाही बरोबर सातलाच वाजायचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मला माझीच लाज वाटली. मामांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, देवळात सांगायचं तरी!"

"कान गेल्याची तिका अजून खबर नाय," मामा म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "गावाक सांगला असता, तर तिका कळला असता."

पोदेराने हातातल्या भोंपूकडे पाहिलं, मग मामांकडे.

"मोडलो गे आज्ये," तो ओरडला. "उद्या नवो घेवन येतंय."

"घेवन ये हां," म्हणत मामींनी पिशवी पुढे केली. मी माझी तशीच धरून उभा राहिलो. देवळात विचारताना माझा आवाजही चांगला खणखणीत लागला होता.