हलका हात

"दाबत नाही आजी, नुसती कातडी सरकवते," असं म्हणत ती माझ्या गळ्याशी दोन बोटं टेकवायची. सूज हाताला आणि हिची बोटं गळ्याशी. मला वाटलं, बाई वेंधळी दिसते.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून माझा उजवा हात सुजायचा. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी तिथं अडतं, हलक्या मसाजनं ते पुढे सरकतं. म्हणून ही हडपसरहून दोन बस बदलून कोथरूडला आमच्या घरी यायची. आधी गळा, मग दुसरी काख, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. तेल नाही, जोर नाही. पाऊण तास! मला पाच मिनिटं एका जागी पडवत नाही.

"आजी, पाय कुठं निघालेत?"

"तुझं कधी संपतंय ते बघायला."

"जाऊ द्या त्यांना. हात तेवढा इथं ठेवा."

टोमणा मारला की गडबडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ही हसायची आणि बोटांचा वेग जराही वाढवायची नाही. थंडीत चहा दिला तर कप दोन्ही हातांत धरून बसायची. हात गरम झाले की कामाला लागायची, चहा तसाच. शेवटी टेप लावून हात मोजायची आणि वहीत लिहायची. अर्धा सेंटिमीटर कमी भरला की पोराचा निकाल लागल्यासारखी खूश.

नातीचं लग्न जवळ आलं. नव्या ब्लाउजची बाही काही चढेना.

"अगं, जरा जोर लाव."

"जोरानं बिघडतं, आजी."

मला पटलं नाही. आमच्याकडे बाळंतिणीला रगडायला बाई यायची, तेव्हा पलंग हलायचा. आम्ही त्याला मालिश म्हणतो. त्याच बाईला सून ऑफिसला गेल्यावर बोलावलं. गरम तेल लावून तिनं हात पिळून काढला. दोन दिवसांत हात लाल झाला, फुगला, ताप भरला.

ही नेहमीच्या वेळेला आली. बघितलं, पण हात लावला नाही. मला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. सूनही तिथं पोहोचली. तिच्यासमोर हिनं विचारलं, "आजी, दुसऱ्या कुणी दाबलं का?"

मी कुणाचीही भीड न ठेवणारी बाई. पण तिथं म्हणाले, "नाही. तुझ्याशिवाय कोण हात लावतं?"

तिनं स्वतःचे तळवे उलटे करून पाहिले. "मग माझंच चुकलं."

ताप उतरल्यावर हिच्या जागी दुसरीच मुलगी आली. म्हणाली, "ताईंनी काम सोडलं. स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नाही म्हणतात."

हाताची सूज ओसरली. लग्न झालं, बाही सैल करून घातली. पण मला चैन पडेना. पंगतीतून दोनदा उठले, कशाला ते मलाच कळेना. शेवटी त्या मुलीकडून पत्ता घेतला आणि हडपसरची बस धरली.

दार तिनंच उघडलं. मागे मशीनवर साडी होती, पिको करायला घेतलेली. मी चपलाही काढल्या नाहीत.

"मालिशवाली बोलावली होती मी. तुला खोटं सांगितलं."

ती दाराला टेकली. मग म्हणाली, "रोज वही काढून बघत होते हो मी. कुठं जास्त दाब पडला, शोधत होते."

"शिव्या दे मला."

"त्यानं काय होतंय?"

"मग कामाला लाग परत. उद्यापासून ये."

"बघते."

मी हात पुढे केला. तिचा हातही निघाला, पण अर्ध्यावर थांबला. नुसतीच वाकून तिनं सूज पाहिली. "बरा हाय," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

जिना उतरताना मशीनचा आवाज येतो का म्हणून मी थांबले. आला नाही. वर जावं की खाली, ते ठरेना. कठड्याला धरून तशीच उभी राहिले.